‘३ टक्के अचूकता’ : स्वस्त स्कोपच्या माहितीपत्रकातले शब्द

प्रश्न
डिप्लोमाच्या मुलांसाठी डिजिटल स्कोपची (ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारं यंत्र) मराठी पुस्तिका करतो आहे. समोर रायगॉलचा डीएस१०५४झेड आहे. त्याच्या माहितीपत्रकात व्होल्टेजच्या ‘अॅक्युरसी’पुढे ±३ टक्के असं छापलंय. शब्दाला शब्द ठेवला तर ‘३ टक्के अचूकता’ होतं. एका विद्यार्थिनीने ते वाचून विचारलं, “सर, म्हणजे ९७ टक्के चुकतो?” काय लिहावं? रिझोल्यूशन आणि फर्मवेअरचं (यंत्रातच भरलेल्या सॉफ्टवेअरचं) लॉक यांचंही सांगा.

प्रतिसाद
तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. मराठीत टक्के ज्याला जोडाल त्याचंच ते प्रमाण होतं. ‘३ टक्के हजेरी’ म्हटल्यावर वर्ग रिकामाच डोळ्यांसमोर येतो. म्हणून इथे टक्के अचूकतेला न जोडता चुकीला जोडा: ‘चूक ±३ टक्क्यांपर्यंत’. छापील भाषा हवी असेल तर ‘कमाल त्रुटी’.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, टक्के कशाचे ते लिहाच. हे टक्के वाचलेल्या आकड्याचे नाहीत, पडद्याच्या पूर्ण उंचीचे आहेत. पडद्यावरच्या जाळीत एका उभ्या चौकोनाला १ व्होल्ट लावला तर आठ चौकोनांचे ८ व्होल्ट झाले आणि त्यांचे ३ टक्के म्हणजे ०.२४ व्होल्ट. ५ व्होल्टचा सप्लाय ५.२ दिसला, तरी स्कोप आपल्या शब्दाला जागलेला असतो. त्याच पट्टीवर अर्ध्या व्होल्टचा सिग्नल असेल तर तेच ०.२४ जवळजवळ निम्मं होतं! सिग्नलने पडदा भरेल अशी रेंज निवडा, असं मुलांना का सांगायचं ते इथे आपोआप कळतं. १० मिलिव्होल्टच्या खालच्या रेंजला तर हीच चूक ४ टक्क्यांपर्यंत धरलेली आहे.

आडव्या अक्षाचं चित्र अगदी वेगळं. वेळेची चूक दशलक्षात २५, म्हणजे उभ्या अक्षाच्या ३ टक्क्यांपेक्षा बाराशे पट कमी. एकाच यंत्रात दोन्ही नांदतात. म्हणून ‘हा स्कोप अचूक आहे का’ या प्रश्नाला मराठीतच काय, कुठल्याच भाषेत एका शब्दात उत्तर नाही. ‘व्होल्टेजला किती चुकतो, वेळेला किती चुकतो’ असं विचारायची सवय पुस्तिकेतूनच लागू दे.

प्रतिसाद
रिझोल्यूशनसाठी ‘विभेदन’ हा शब्द कोशात ठीक, पण वर्कशॉपमध्ये तो चालणार नाही. मुलांना व्हर्नियरमुळे ‘लीस्ट काउंट’ पाठ असतो, तो वापरा किंवा सरळ ‘पायरी’ म्हणा. ८ बिटांच्या स्कोपमध्ये २५६ पायऱ्या. ८ व्होल्ट त्यांत वाटले की एक पायरी ढोबळमानाने ३१ मिलिव्होल्टची. पडद्यावर आकडा ५.१३ असा ऐटीत उमटतो, पण त्यातला शेवटचा ३ पायरीहूनही बारीक आहे.

बारीक पायरी म्हणजे कमी चूक, हा गैरसमज मात्र शब्दानेच तोडायला हवा. अलीकडचे डीएचओ८०० मालिकेतले १२ बिटांचे स्कोप ४०९६ पायऱ्या देतात. पायरी १६ पट बारीक झाली, यावरून चूक १६ पट घटली असं निघत नाही. जिना बारीक पायऱ्यांचा असला तरी तो उभा कुठे केलाय हा प्रश्न उरतोच. त्यासाठी स्कोप अर्धा तास तापू देऊन सेल्फ-कॅलिब्रेशन (स्कोपने स्वतःच स्वतःची चूक दुरुस्त करणं) चालवायचं.

जाता जाता: पुस्तिकेत ‘सीआरओ’ (कॅथोड रे ऑसिलोस्कोप) लिहू नका. प्रयोगशाळेत तोंडात तेच बसलंय खरं, पण त्यातली कॅथोड रे केव्हाच गेली.

प्रतिसाद
‘५० मेगाहर्ट्झपर्यंत मोजतो’ यातलं ‘पर्यंत’ही दिशाभूल करतं. बँडविड्थच्या (स्कोपला झेपणाऱ्या वारंवारितेच्या पट्ट्याच्या) टोकाला १ व्होल्टची साइन लहर ०.७ व्होल्टची दिसते. ‘५० मेगाहर्ट्झला उंची ७० टक्क्यांवर येते’ असं लिहा. चौकोनी लहरीची कड चढायला लागणाऱ्या वेळेसाठी (राइज टाइम) ०.३५ भागिले बँडविड्थ हे सूत्र द्या. ५० मेगाहर्ट्झला ७ नॅनोसेकंद येतात, त्याहून तीव्र कड या स्कोपला दिसत नाही.

फर्मवेअरला फर्मवेअरच म्हणा. पण ‘फर्मवेअरची मर्यादा’ या एका शब्दप्रयोगात दोन गोष्टी कोंबल्या जातात.

पहिली म्हणजे कुलूप. डीएस१०५४झेड मुळात ५० मेगाहर्ट्झचा, पण किल्लीचा कोड टाकून तो १०० मेगाहर्ट्झचा करता येतो हे जगजाहीर आहे. आधीच्या डीएस१०५२ई मध्येही तेच झालं होतं. इथे ‘क्षमता वाढवली’ म्हणू नये. क्षमता आत होतीच, ‘कुलूप काढलं’ म्हणावं. आणि कुलूप काढल्याने उभ्या अक्षाची ३ टक्के चूक तिळभरही कमी होत नाही. चारही चॅनल (सिग्नल घेणारी तोंडं) चालू केले की सेकंदाला १ गिगासॅम्पल, म्हणजे १ अब्ज नोंदी, हा वेग चौघांत वाटला जातो, प्रत्येकाला २५० मेगासॅम्पल. तेही तसंच राहतं.

दुसरी म्हणजे हिशेबाची पद्धत. हिला मी ‘गणनेची मर्यादा’ म्हणेन. मेमरी १२ दशलक्ष बिंदूंची असली तरी डीएस१०५४झेड मोजमाप करतो ते पडद्यावर आणलेल्या बिंदूंवरून. प्रोब (सिग्नल घेणारी तार) तपासायला स्कोपवर दिलेल्या खुंटीवरची १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर लावा, दोन-तीन लहरी दिसतील असा टाइमबेस (आडव्या चौकोनाला किती वेळ ते) ठेवा आणि राइज टाइम मागा. आकड्याआधी ‘<’ असं चिन्ह येतं. कड ताणून पडदाभर केली की चिन्ह जातं आणि खरा आकडा येतो. पहिल्या वेळी स्कोप खोटं बोललेला नसतो, ‘याहून कमी, किती ते इथून सांगता येत नाही’ एवढंच तो सांगतो. या चिन्हाचं वाचन पुस्तिकेत ‘पेक्षा कमी’ असं स्पष्ट द्या. मुलं ते गाळून नुसता आकडा जर्नलमध्ये उतरवतात.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. तक्त्यात आता ‘व्होल्टेज: चूक पडद्याच्या पूर्ण उंचीच्या ±३ टक्क्यांपर्यंत’, ‘पायरी: पूर्ण उंचीचा २५६ वा भाग’ असं घेतो. कुलूप आणि गणना यांना वेगळे परिच्छेद देतो. ‘जिटर’साठी (लहरीची कड वेळेत किंचित मागेपुढे होणं) कुणाला शब्द सुचला तर सांगा, ‘थरथर’ लिहिलंय पण ती उभ्या दिशेची वाटते.