गोल्डफिशच्या टँकमध्ये झाडं रुजतच नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंदिरानगरला राहतो. घरी दोन फुटी टँक आहे, त्यात दोन गोल्डफिश. प्लॅस्टिकची झाडं नको म्हणून व्हॅलिस्नेरिया, एक अ‍ॅमेझॉन स्वोर्ड आणि जावा फर्न आणलं. संध्याकाळी लावावं आणि सकाळी बघावं तर निम्मी झाडं फिल्टरच्या तोंडाशी गोळा झालेली. परवा टँकसमोर बसूनच राहिलो. मासा तळाशी तोंड खुपसतो, खडा तोंडात घेतो, चघळून थुंकतो, की लगेच पुढचा! उपटलेल्या व्हॅलिस्नेरियाला पांढरीशुभ्र नवी मुळं फुटलेली दिसली, म्हणजे झाडात जीव आहे.

तळाला वाटाण्याएवढे गुळगुळीत गोटे आहेत, थर जेमतेम इंचभर. जावा फर्नही त्यातच खोचलंय, त्याचं आडवं खोड काळं पडत चाललंय. दुकानदार म्हणतो, शिशाच्या पट्ट्या गुंडाळा. पाणी नळाचं, क्लोरीन काढून घालतो. मासे लेकीचे आहेत, ते कुणाला देणार नाही. वाळू घालू का? कोणती, किती?

प्रतिसाद

आधी जावा फर्न बाहेर काढा, आजच. त्याचं आडवं खोड पुरलं की कुजतं. काळा, मऊ भाग कापा आणि उरलेलं दगडाला दोऱ्याने बांधा. मुळं आपोआप दगड धरतात. शिवाय गोल्डफिश त्याची चिवट पानं सहसा खात नाहीत.

गोट्यांमध्ये पोकळ्या फार, मुळांना पकड मिळत नाही. दोन-तीन मिलिमीटरची जाड वाळू घ्या, थर अडीच-तीन इंच. स्वोर्डच्या मुळांचा पसारा मोठा असतो, त्याला एवढी खोली लागतेच. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, पाणी जड म्हणजे क्षारयुक्त होईल. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, सापडतं, म्हणून ही खात्री करून घ्याच.

पट्ट्यांनी झाड खाली बसतं, पण माशाने ओढलं की निघतंच. त्यापेक्षा कुंभाराकडची छोटी मातीची कुंडी घ्या. तिच्यात वाळू भरून झाड लावा आणि वर माशाच्या तोंडात मावणार नाहीत एवढे गोटे रचा. गोल्डफिश असताना मला हाच उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो. फक्त व्हॅलिस्नेरियाची पानं जिथून फुटतात तो गड्डा वाळूच्या वर राहू द्या, नाहीतर तोही सडेल.

धागाकर्ता

मनापासून आभार! फर्न काढलं, अर्धं खोड अजून हिरवं आहे. वाळू घालताना मासे टबमध्ये ठेवले तर फिल्टरही तिथेच चालू ठेवू ना?

प्रतिसाद

हो, आणि टबात टँकमधलंच पाणी घ्या. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, त्यातले उपयोगी जिवाणू क्लोरीनने मरतात. कुंड्या लावून झाल्या की वाळूवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडा, म्हणजे थर उसकटणार नाही.