अपाची व मायएसक्यूएल: जुन्या खात्यांना प्रवेश मिळतो, नव्या खात्यांना मिळत नाही

प्रश्न

अपाची २.४ या वेब सर्व्हरवरील एका संरक्षित विभागाचे लॉगिन मॉड_ऑथएन_डीबीडी या मॉड्यूलमार्फत मायएसक्यूएल या डेटाबेसमधील टेबलाशी पडताळले जाते. पूर्वी आम्ही अपाचीच्या एचटीपासडब्ल्यूडी या साधनाने 'एपीआर१' प्रकारचा हॅश (पासवर्डपासून गणिताने बनवलेली, उलट न फिरवता येणारी अक्षरमाला) तयार करून टेबलात भरत असू. अलीकडे पीएचपीच्या पासवर्ड_हॅश() फंक्शनने बीक्रिप्ट या दुसऱ्या प्रकारचा हॅश भरू लागलो. तेव्हापासून नव्या खात्यांना प्रवेश नाकारला जातो, जुनी खाती मात्र व्यवस्थित चालतात. एरर लॉगमध्ये प्रत्येक वेळी 'एएच०१६१७' हा क्रमांक आणि 'पासवर्ड मिसमॅच' असा शेरा असतो. पासवर्ड अचूक टाइप केला जात आहे याची खात्री करून घेतली आहे. अपाचीला बीक्रिप्ट चालत नाही असे समजावे, की डेटाबेसच्या जोडणीत दोष असावा?

उत्तर १

जोडणीचा संशय आपण सोडून द्यावा, कारण लॉगमधील क्रमांकच तो फेटाळतो. एसक्यूएल क्वेरी तयारच होऊ शकली नसती तर 'एएच००६३२' दिसला असता, आणि क्वेरी चालूनही त्या नावाची ओळ सापडली नसती तर 'एएच०१६१८' दिसला असता. 'एएच०१६१७' येतो तो ओळ सापडून हॅश हाती आल्यावर, म्हणजे अगदी शेवटच्या तुलनेत. डेटाबेसने हॅश दिला आहे. तो पूर्ण दिला आहे का, एवढेच पाहायचे उरते.

बीक्रिप्टही निर्दोष आहे. हॅशची तुलना एपीआर-युटिल ही लायब्ररी करते आणि पीएचपी तयार करते तो '२वाय' उपसर्गाचा बीक्रिप्ट हॅश तिला ओळखता येतो. माझा संशय कॉलमच्या लांबीवर आहे. एपीआर१ हॅश ३७ अक्षरांचा असतो, बीक्रिप्ट ६० अक्षरांचा. कॉलम व्हारकॅर(४०) किंवा व्हारकॅर(५०), म्हणजे जास्तीत जास्त ४० किंवा ५० अक्षरांचा, असेल तर जुना हॅश त्यात मावतो आणि नवा कापला जातो, आणि मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड (न मावणारी नोंद नाकारणारी मांडणी) बंद असेल तर हे कापणे एखाद्या वॉर्निंगवरच निभावते, जी सहसा कोणी वाचत नाही. कापलेल्या हॅशमुळे 'हॅश सदोष आहे' अशी तक्रार न येता नुसता 'मिसमॅच' का येतो, हेही समजून घेण्यासारखे आहे: बीक्रिप्टची पहिली २९ अक्षरे म्हणजे प्रकार, कॉस्ट (गणित किती जड ते ठरवणारा आकडा) आणि सॉल्ट (हॅशमध्ये मिसळलेली यादृच्छिक अक्षरे), ती शाबूत असल्यामुळे गणित बिनतक्रार पूर्ण होते, आणि तयार झालेली ६० अक्षरे साठवलेल्या तुटक्या अक्षरांशी जुळत नाहीत.

लेंग्थ() फंक्शनने नव्या खात्यांच्या हॅशची लांबी तपासून कळवावी. ती ६० निघाली, तर तोच हॅश एका साध्या फाइलमध्ये ठेवून एचटीपासडब्ल्यूडीच्या 'व्ही' पर्यायाने पडताळून पाहावा. त्यामुळे डेटाबेस पूर्णपणे बाजूला राहून केवळ हॅश आणि पासवर्ड यांचीच परीक्षा होते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आभारी आहे. नव्या सर्व ओळींमध्ये लांबी ४० आली, आणि कॉलमही व्हारकॅर(४०) आहे. एसक्यूएल_मोड रिकामा आढळला, म्हणजे स्ट्रिक्ट मोड बंदच होता. कॉलम व्हारकॅर(२५५) केला, तरीही त्या खात्यांना प्रवेश मिळत नाही. अपाची पुन्हा सुरू करावा लागेल का?

उत्तर २

पुन्हा सुरू करून उपयोग नाही. कॉलम रुंद केल्याने पुढचे हॅश पूर्ण साठतील, परंतु आधी गळून पडलेली २० अक्षरे कोठेच शिल्लक नाहीत; त्या सर्व खात्यांचे पासवर्ड नव्याने ठरवून घेण्यावाचून पर्याय नाही. त्याआधी एसक्यूएल_मोडमध्ये स्ट्रिक्ट_ट्रान्स_टेबल्स (म्हणजेच स्ट्रिक्ट मोड) चालू करावे, म्हणजे न मावणारी नोंद त्रुटी देऊन थांबेल. खाते उघडणाऱ्या कोडमध्ये नोंद भरण्यासाठी 'इन्सर्ट इग्नोर' वापरलेले असेल तर तेही काढावे, कारण स्ट्रिक्ट मोड असूनही ते त्रुटीचे रूपांतर वॉर्निंगमध्ये करते. शिवाय हॅश साठवल्यानंतर तो डेटाबेसमधून परत वाचून पासवर्ड_व्हेरिफाय() ने तपासण्याची एक ओळ त्या कोडमध्ये कायमची असावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ती असती तर हा दोष पहिल्याच खात्याला उघड झाला असता.

उत्तर ३

वरील निदान योग्यच आहे. मात्र पासवर्ड बदलताना आणखी एक गोष्ट आड येऊ शकते. आपल्या मांडणीत मॉड_ऑथएन_सोकॅश हे वाचलेले हॅश तात्पुरते साठवणारे मॉड्यूल असेल, तर वाचलेला हॅश तेथे मुळातील मुदतीप्रमाणे ३०० सेकंद टिकतो. तुटका हॅश तेथे साठलेला असला, तर टेबलात नवा हॅश येऊनही तेवढा वेळ 'मिसमॅच' येत राहील आणि दुरुस्ती फसली असे उगाच वाटेल. चाचणीपुरता हा कॅश बंद ठेवावा.

बीक्रिप्टची कॉस्टही याच वेळी ठरवून घ्यावी. अशा लॉगिनमध्ये, म्हणजे बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये, ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत नाव आणि पासवर्ड पाठवतो, त्यामुळे पानावरील प्रत्येक संरक्षित चित्रासाठी आणि स्टाइलशीटसाठी बीक्रिप्टचे गणित नव्याने होते. सोकॅश फक्त डेटाबेसची फेरी वाचवतो, हे गणित वाचवत नाही. एचटीपासडब्ल्यूडीची मूळ कॉस्ट ५ आहे, पीएचपीची १० आणि ८.४ आवृत्तीपासून १२. कॉस्ट एकाने वाढली की काम दुप्पट होते, म्हणजे ५ वरून १२ वर जाताना ते १२८ पट होते. कॉस्ट फार खाली आणावी असे मी म्हणणार नाही, कारण टेबल चोरीला गेले तर तोच शेवटचा अडसर आहे. ज्या फाइलींना संरक्षणाची गरज नाही त्या या विभागाबाहेर ठेवाव्यात, आणि त्यानंतरही सर्व्हरवर ताण दिसला तरच कॉस्टचा विचार करावा.