मदत हवी आहे: जास्वंदीवरचा पिवळ्या पट्ट्यांचा कोळी ठेवू की हलवू?

आम्ही पुण्यात तळमजल्यावर राहतो. पावसाळा लागल्यापासून फाटकाजवळच्या जास्वंदीत एका कोळ्याने जाळं विणलंय. अंग साधारण सेंटीमीटरभर, पाठीवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे, पुढचा भाग रुपेरी. दिवसभर मधोमध डोकं खाली करून बसतो. पाय जोडी-जोडीने जुळवलेले असल्यामुळे चारच आहेत असं वाटतं, आणि त्या पायांच्या रेषेत जाळ्यावर पांढरी नागमोडी नक्षी. फांदीला धक्का लागला की अख्खं जाळं इतक्या जोरात हलवतो की धड दिसतही नाही. परवा नाकतोडा अडकला, तर आधी त्याला धाग्यात गुंडाळला आणि मग चावला! मी बघतच राहिले.

अडचण अशी की जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आलाय, माळीकाका फवारणी करायची म्हणतात. शिवाय दीड वर्षाची नात फुलांसाठी तिथेच हात घालते. हा विषारी आहे का? जाळ्याच्या कडेला एक बारकासा तपकिरी कोळी असतो, ते पिल्लू का? मला तो मारायचा नाही, एवढं नक्की.

प्रतिसाद:
ताई, ही सिग्नेचर स्पायडरची मादी, अर्जिओपे. कडेचा बारका बहुधा नर. तो मादीच्या निम्म्याहूनही लहान असतो. विष आहे, पण ते किड्यांपुरतं. मुठीत दाबली तरच चावेल. थोडं दुखेल, सुजेल, त्यापलीकडे काही नाही. पांढऱ्या नक्षीबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही: कोणी म्हणतं त्यावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांमुळे कीटक ओढले जातात, कोणी म्हणतं पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून.

नातीसाठी हलवायचीच तर संध्याकाळी काडीवर चढवून आतल्या झुडपात सोडा. नवं जाळं ती स्वतः विणेल. फवारणी मात्र नको, ती आधी मरेल. पिठ्या ढेकूण ती खाणार नाही, तो जाळ्यात येतच नाही. त्यासाठी पाण्याचा जोराचा फवारा, आणि किडलेल्या फांद्या साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसा. हे तिला हलवल्यावरच करा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. आज संध्याकाळीच मागच्या अंगणातल्या कण्हेरीवर हलवते. नर वेगळा न्यावा लागेल, की तो आपला आपण तिला शोधत येईल?