मदत हवी आहे: अंकाच्या आत छोटी पुस्तिका कशी बसवायची?

मंडळी, मी आणि दोन मित्र मिळून मराठी कॉमिक्सचा छोटा अंक काढतोय, दोनशेच कॉप्या, पैसे खिशातले. डोक्यात खूळ भरलंय ते फ्रान्स्वाज मूली हिचं. पॅरिसची बाई न्यूयॉर्कला आली, छपाई शिकली, घरातच मशीन आणून बसवलं आणि नवरा आर्ट स्पीगलमनबरोबर १९८० ला 'रॉ' नावाचं कॉमिक्स मॅगझिन सुरू केलं. पुढे १९९३ ला ती 'न्यूयॉर्कर' मॅगझिनची आर्ट एडिटर झाली, पण मला भारी वाटतो तो आधीचा काळ, म्हणजे एका अंकाच्या प्रत्येक कॉपीच्या कव्हरचा कोपरा हाताने फाडलेला आणि आत दुसऱ्याच कॉपीचा तुकडा चिकटवलेला, कोण करतं असं!

तर स्पीगलमनचं 'माउस' हे कॉमिक्स सुरुवातीला 'रॉ'च्या मोठ्या अंकात छोटी वेगळी पुस्तिका म्हणून यायचं, तसंच मला करायचंय. बाहेरचा अंक ए फोर, आतली पुस्तिका ए सिक्स, १६ पानी. प्रेसवाला म्हणतो गोंद लावला तर पान सुरकुततं, पिन मारली तर पुस्तिका नीट उघडत नाही. घरी फेव्हिकॉलने एक करून बघितली, मागच्या पानाला पार पोपडे आले.

कोणी असं केलंय का? डबल टेप टिकेल का? आणि पुण्यात 'रॉ'चे जुने अंक कुणाकडे असतील तर नुसते बघायला द्या, तिथेच बसून बघेन.