बोअरवेलमध्ये सेन्सर बसवण्याआधी काय तपासावे?

प्रश्न – गृहसंस्था सचिव, बावधन

आमच्या संस्थेत तीन बोअरवेल असून त्यांपैकी पहिली मार्च संपता संपता आटते, दुसरी मेपर्यंत कशीबशी तग धरते आणि पहिलीपासून जेमतेम चाळीस फुटांवर असलेल्या तिसरीला मात्र बारमाही पाणी असते. एका विक्रेत्याने तिन्हींमध्ये पातळी मोजणारे सेन्सर बसवून मोबाइलवर आलेख देण्याचा, शिवाय उपग्रहाच्या माहितीवरून आमच्या आवाराचा भूजल नकाशा करून देण्याचा प्रस्ताव मांडला आहे. सर्वसाधारण सभेपुढे हा खर्च ठेवण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर १ – भूवैज्ञानिक, कोथरूड

नकाशाबद्दल आधी लिहितो, कारण प्रस्तावातला तो भाग मला खटकला. २००२ ते २०१७ या काळात कार्यरत असलेले ग्रेस उपग्रह आणि २०१८ पासून त्यांचे काम पुढे नेणारी उपग्रहांची जोडी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदलांवरून पाण्याच्या साठ्यातील वाढ-घट ओळखतात. मात्र त्यांना दिसणारा सर्वांत लहान प्रदेशही काही शे किलोमीटर लांब-रुंद असतो, आणि त्यात धरणांतले पाणी, मातीतला ओलावा व भूजल यांची एकत्रित बेरीज असते. उत्तर भारतातील भूजल उपसा त्यांनी उत्तम दाखवला. बावधनमधील तीन बोअरवेलींतला फरक त्यांना दिसणे शक्य नाही. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून खडकातील मोठ्या भेगारेषा टिपता येतात आणि ते काम उपयुक्त आहे, परंतु रेषा दिसली म्हणजे तिथे पाणी आहेच असे नव्हे. हे सांगायचे राहिले, तर तो नकाशा आणि पाणाड्याचा नारळ यांत फारसा फरक उरत नाही.

चाळीस फुटांवरचे कोडे आपल्या बेसाल्ट खडकात नेहमीचे आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचलेले असून पाणी मुख्यतः थरांच्या सांध्यांत, भेगांत आणि झिजलेल्या भागात राहते. मधला घट्ट काळा दगड जवळपास कोरडाच असतो. आपल्या तिसऱ्या बोअरवेलला बहुधा अशी भेग लागली असावी आणि पहिलीची ती थोडक्यात हुकली असावी.

उत्तर २ – शेतकरी, पुरंदर तालुका

मी विहिरीत आणि बोअरवेलमध्ये मिळून दोन सेन्सर वापरतो, म्हणून अनुभवाचे सांगतो. पाण्यात बुडवलेला साधा सेन्सर पाण्याच्या दाबाबरोबर हवेचाही दाब मोजतो. हवेच्या दाबातील एक मिलिबारचा फरक म्हणजे पाण्याचा साधारण एक सेंटिमीटर, आणि हा दाब रोज दोनदा वरखाली होत असल्याने वजाबाकी न केल्यास आलेखात नसलेली भरती-ओहोटी दिसू लागते. मला ती पहिल्या महिन्यात दिसली आणि मी उगाच हरखून गेलो होतो. केबलमधून हवानळी असलेला सेन्सर घेतल्यास ही अडचण टळते, पण त्या नळीच्या टोकाची ओलावा शोषणारी पुडी पावसाळ्यात वरचेवर बदलावी लागते, आणि विक्रेते ही गोष्ट क्वचितच सांगतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पंप चालू असताना किंवा नुकताच बंद केल्यावर घेतलेली पातळी ही त्या छिद्रातली तात्पुरती पातळी असते. पाणी पूर्ववत होईपर्यंत थांबून, शक्यतो पहाटे उपसा सुरू होण्याआधी घेतलेलीच नोंद तुलनेस योग्य असते. दर महिन्याला एकदा टेपने मोजून सेन्सरचा आकडा पडताळावा, कारण सेन्सर दाखवत असलेला आकडा काळानुसार हळूहळू खऱ्या पातळीपासून सरकतो.

प्रश्नकर्ता

तिन्ही बोअरवेलींच्या पातळ्या एकमेकींशी कशा ताडून पाहाव्यात? आमचे आवार उतारावर आहे.

उत्तर ३ – भूवैज्ञानिक, कोथरूड

जमिनीपासूनची खोली तुलनेस निरुपयोगी आहे; प्रत्येक बोअरवेलच्या तोंडाची उंची एकाच संदर्भबिंदूवरून ठरवून त्यातून पाण्याची खोली वजा करावी. मोबाइलवरील उंची कित्येक मीटरने चुकू शकते, म्हणून गवंड्याची पाण्याची लेव्हल-पाइप त्यापेक्षा बरी. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी: बोअरवेल अनेक थरांतून जात असल्याने तिच्यातील पातळी ही त्या सर्वांची मिसळ असते, तर आवाराजवळ जुनी विहीर असल्यास ती वरच्या थराचे अधिक स्पष्ट चित्र देते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. आपणही निदान तेच महिने पाळावेत, म्हणजे आपले आकडे परिसराच्या आकड्यांशी जुळवून पाहता येतील.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. सेन्सरचा विषय पुढच्या सभेपर्यंत थांबवून टेपने सुरुवात करतो. बोअर मारणाऱ्याची जुनी वही सापडली आहे. तीत तिसऱ्या बोअरवेलपुढे ‘११० फुटांवर तांबडी माती, त्यावर पाणी’ असे लिहिले आहे, तर पहिलीपुढे केवळ ‘काळा दगड’. याचा काही उपयोग होईल का?

उत्तर ४ – भूवैज्ञानिक, कोथरूड

ती तांबडी माती बहुधा दोन लाव्हाथरांमधला पट्टा आहे. तो सहसा पाणी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे त्याच्या वर पाणी साठू शकते. दुसऱ्या बोअरवेलची नोंदही शोधा आणि तिन्हींच्या तोंडांची उंची मोजून झाली की वहीतले पान येथे टाका.