मिक्सरमधली कॉफी चाळून घेता का कुणी? (चाळणी सासूबाईंची आहे)

पाटावरवंटा

मंडळी, प्रश्न कॉफीचा आहे, पण त्यात उपासाची भाजणी अडकली आहे. जरा सविस्तर लिहिते.

भाऊबीजेला धाकट्या भावाने ओवाळणीत कॉफीच्या बिया घातल्या. पाकीट नाही, साडी नाही. चिकमगळूरहून आणलेल्या अर्धा किलो भाजलेल्या बिया. "ताई, ताजी दळून पी, विकतची पूड विसरशील," म्हणाला आणि जेवून ठाण्याला निघून गेला. दळायची कशात, ते बोलला नाही.

माझ्याकडे मिक्सर आणि त्याचं चटणीचं भांडं. फ्रेंच प्रेससुद्धा (दांड्याने जाळी खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं) आहे, ह्यांना ऑफिसात कधीतरी भेट मिळालेली; दोन वर्षं तिच्यात ओट्यावरचे चमचे उभे होते. पहिल्या दिवशी बटण उलटं फिरवत, थांबत थांबत दळली. झाकण उघडलं तर निम्मी पूड हळदीसारखी मऊ आणि मधे मधे ज्वारीच्या कण्यांएवढे तुकडे. कॉफी केली. पहिला घोट आंबट, पुढचा कडू, आणि शेवटचे दोन घोट म्हणजे निव्वळ चिखल. एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही कसं लागतं, ते नंतर वाचलं: जाड कण पुरते उतरतच नाहीत आणि बारीक भुकटी गरजेपेक्षा जास्त उतरते.

मग चाळण्या काढल्या. आधी रव्याची, तिच्याखाली मैद्याची, खाली परात. केकसाठी घेतलेला छोटा काटा होता, त्यावर मोजलं. 50 ग्रॅम दळली. रव्याच्या चाळणीत 9 ग्रॅम भरड राहिली, मधे 27 ग्रॅम, आणि परातीत 13 ग्रॅम भुकटी. उरलेला एक ग्रॅम ओट्यावर, माझ्या गाऊनवर आणि मिक्सरच्या झाकणाला. मधल्या 27 मधली 15 ग्रॅम घेतली, पाव लिटर पाणी, चार मिनिटं. मंडळी, तीच कॉफी! तळाला चिखल जेमतेम नखभर. भरड परत मिक्सरला लावली, तेही जमलं.

आता अडचण. मैद्याची चाळणी माझी नाही, आईंची आहे. (सासूबाईंची. त्यांच्या लग्नातली नाही, पण तशाच मानाची.) मी धुतली, वाळवली, खिळ्याला लावली. कार्तिकी एकादशीला आईंनी त्याच चाळणीतून उपासाची भाजणी चाळली आणि थालीपिठाला कॉफीचा वास! ह्यांनी "आज काहीतरी वेगळं खमंग लागतंय" म्हणून दोन जास्त खाल्ली. आई काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "आई, कॉफी तशी उपासाला चालते." हे म्हणायला नको होतं.

तर, कॉफीला चाळणी किती बारीक हवी? त्या 13 ग्रॅमचं करायचं काय? मी ती एका बरणीत साठवतेय, टाकवत नाही. आणि जाळीतला वास कसा घालवायचा?

लॅबकोट

औषधांच्या कंपनीत दिवसभर हेच करतो, त्यामुळे राहवलं नाही.

चाळणीचा 'मेश' म्हणजे एका इंचात किती भोकं. आकडा मोठा तितकी जाळी बारीक. प्रयोगशाळेच्या चाळणीत 40 मेश म्हणजे 425 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भोक, 60 म्हणजे 250, 80 म्हणजे 180, 100 म्हणजे 150. बाजारच्या चाळणीवर आकडा नसतो, आणि असला तरी तारेच्या जाडीप्रमाणे भोक लहानमोठं होतं. घरी मोजायचं तर जाळीवर पट्टी ठेवा, मोबाइलने जवळून फोटो काढा, एका सेंटिमीटरमधली भोकं मोजा आणि अडीचने गुणा. 16 आली तर 40 मेश समजा.

फ्रेंच प्रेसला 40 पुरे. कागदाच्या गाळणीतून करणार असाल आणि पाणी मधेच तुंबत असेल तर 60. त्याच्या पुढे कॉफीसाठी जाऊ नका. कॉफीत तेल असतं, भुकटी एकमेकीला चिकटते, 100 मेशवर तुम्ही अर्धा तास हलवत बसाल आणि खाली चिमूटभर पडेल. आमच्याकडे 80 लागते ती चूर्णाला. वस्त्रगाळ म्हणतात ना, ते आयुर्वेदाच्या चूर्णांना निदान 80 मेशमधून जावं लागतं.

चाळताना चमच्याने किंवा बोटांनी घासू नका. सगळेच घासतात. घासलं की जाडा कणही जाळीतून ढकलला जातो आणि तारा सरकून भोकं वेडीवाकडी होतात, मग ती चाळणी फक्त दिसायला चाळणी. आडवी धरा, दुसऱ्या हाताच्या तळव्याने कडेला टपटप मारा. रोज तेवढीच कॉफी, तेवढाच वेळ. मी घरी मिनिटभर चाळतो, मोजून.

भुकटी झाकणाला चिकटते ती विजेमुळे, घर्षणाने तयार होते तीच. दळायच्या आधी बियांवर पाण्याचे दोन थेंब टाकून चमच्याने हलवा. दोनच. ओल्या करू नका.

आणि कुणाच्या ओळखीने प्रयोगशाळेतली बाद झालेली चाळणी घरी आणू नका. तिच्यातून काय काय गेलंय ते तुम्हाला सांगता येणार नाही आणि धुऊन कळणारही नाही.

कडूगोड

ताई, रोगावर औषध करा की! मिक्सरचं पातं दळत नाही, तोडतं. पातं कितीही थांबवत फिरवा, काही तुकडे शंभरदा कापले जाणार, काही एकदाही नाही. हाताने फिरवायची दात्यांची चक्की घ्या. त्यात बी दोन दात्यांमधून एकदाच जाते आणि दात्यांमधल्या फटीएवढी होऊन खाली पडते. चाळण्या, परात, काटा, सासूबाई, सगळ्यातून सुटाल.

पाटावरवंटा

सासूबाईंमधून सुटायचं नाहीये मला, त्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत :) चक्कीचं पटतंय. पण अर्धा किलो बियांसाठी चक्की म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग. आधी ही संपू दे, चटक लागली तर बघू.

लॅबकोट, दोन थेंबांचं आज केलं. झाकण इतकं स्वच्छ निघालं की मी भांडं परत उघडून पाहिलं, कॉफी घातली होती ना म्हणून.

कावेरीकाठ

मैसूरला येऊन आता बावीस वर्षं झाली, माहेर सांगलीचं. तुमची ती 13 ग्रॅमची बरणी वाचून हसू आलं, कारण इथे लोक दुकानात जाऊन तेवढीच बारीक पूड मुद्दाम दळून घेतात!

ती फिल्टरला वापरा. आपला स्टीलचा किंवा पितळेचा दोन मजली फिल्टर. वरच्या भांड्यात पूड घाला, टिचकी मारून सारखी करा, चकतीने हलकं दाबा, आणि उकळी येऊन थांबलेलं पाणी हळू ओता. झाकण ठेवून विसरा. वीस मिनिटांनी बघा. दुकानात हमखास विचारतात, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती? चिकोरी पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यासकट पूड सावकाश गळते आणि काढा दाट उतरतो. तुमची नुसती कॉफी आहे, त्यामुळे भरभर गळेल. चकती जरा जास्त दाबा. तुमची भुकटी मिक्सरची, म्हणून थोडी खालच्या भांड्यातही उतरेल. ती तळाला बसते. काढा ओतताना भांडं हलवू नका आणि शेवटचा चमचाभर सोडून द्या.

दूध उकळतं हवं, काढा मात्र परत गॅसवर ठेवायचा नाही. कडवट होतो. माझी सांगलीची मावशी येते तेव्हा हमखास ठेवते. मी बघत नाही.

एक विचारू? सगळीच भुकटी काढता का हो? मी एकदा प्रेससाठी फार मन लावून चाळली होती, कॉफी स्वच्छ झाली पण अंगच नाही तिला, चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखी.

पाटावरवंटा

कावेरीकाठ, हो! काल 60 सेकंदांऐवजी टीव्ही बघत पाचेक मिनिटं चाळली आणि अगदी तेच झालं. आज 15 ग्रॅममध्ये बरणीतली अर्धा चमचा भुकटी परत मिसळली. म्हणजे आधी वेगळी काढा आणि मग परत घाला. ह्यांना सांगितलं नाही.

फिल्टर शेजारच्या अय्यर काकूंकडून आणलाय. काढा आत्ता गळतोय.

सोऱ्या

सगळे कॉफीवरच बोलताय, बिचाऱ्या थालीपिठाचं कुणीच बघेना.

वास जाळीत नसतो, कडेच्या खाचेत असतो. पत्र्याची कड जिथे जाळीवर दुमडलेली असते तिथे कॉफीचं तेल आणि भुकटी बसते. जुन्या दातांच्या ब्रशने कोरडी झाडा, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, परत ब्रश, आणि दोन दिवस कडक उन्हात उपडी. मग मूठभर तांदळाचं पीठ त्यातून दोनदा चाळून टाकून द्या. तरीही वास राहिला तर ती चाळणी कॉफीची झाली असं समजा आणि सासूबाईंना नवी आणून द्या. खरं तर आधी नवी आणा आणि मग वास घालवा.

पीठ चाळलेली चाळणी मात्र लगेच पाण्याखाली धरू नका. भोकात खळ बसते आणि वाळली की सुईने काढावी लागते. आधी आपटा, झाडा, मग पाणी. आणि ओलसर चाळणी पिठाच्या डब्यात ठेवली की पोरकिडे झालेच म्हणून समजा.

बारीक जाळीची चाळणी घरात असावीच, कॉफी पिवो न पिवो. खसखस धुवायला दुसरं काहीच उपयोगी नाही. नेहमीच्या गाळणीतून निम्मी मोरीत जाते. राजगिऱ्याचंही तेच. साबुदाणा भिजवण्याआधी त्यातली पिठी चाळून काढा, खिचडीचा गोळा होत नाही. शेवेला ओवा वाटून त्याचं पाणी बारीक जाळीतून गाळून घ्या, नाहीतर ओव्याचा एक कण सोऱ्याच्या चकतीत अडकतो आणि अख्खा घाणा थांबतो. (आयडी उगाच नाही घेतला.) अनारशांना तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत कपड्यावर पसरून, थोडा दमट असतानाच कुटतो ना, ते पीठ बारीक चाळणीतूनच गेलं पाहिजे, एक कणी राहिली तर अनारसा तेलात तिथेच फुटतो. मेतकूट, उटणं, तेही तिच्यातूनच.

लॅबकोट म्हणतात घासू नका, पण श्रीखंडाचा चक्का घासल्याशिवाय कसा उतरणार? त्याला जाड तारेची वेगळी ठेवा, किंवा पुरणयंत्र वापरा. आणि बेसनाच्या लाडवाचं पीठ चाळू नका हो कुणी. जाडसर आहे म्हणूनच तो दाणेदार होतो. माझ्या एका भाचीने मैद्याच्या चाळणीतून चाळलं होतं, लाडू टाळ्याला चिकटले ते चिकटलेच.

लॅबकोट

चक्क्याचं मान्य. औषधात चक्का नसतो.

कडूगोड

फिल्टर झाल्यावर, प्रेस झाल्यावर उरलेला चोथा मोरीत टाकू नका, पाइप तुंबतो. कुंडीत घातला तर मातीत मिसळा. वर जाड थर दिला की वाळून खरपुडी धरते आणि पाणी आत जात नाही. माझी तुळस तशीच गेली.

पाटावरवंटा

तर, काय काय झालं ते सांगते.

फडके रोडवर भांड्यांच्या दुकानात पट्टी घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "मैद्याची देऊ का भाजणीची?" मी म्हटलं, सेंटिमीटरला सोळा भोकांची द्या. तो थांबला. मग त्याने चार चाळण्या काढून काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाला, "मोजा ताई, भोकाचे वेगळे पैसे नाही घेत." तिसरी चाळणी सोळाची निघाली. तीच घेतली. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं हे बरं.

आईंची चाळणी सोऱ्यांनी सांगितलं तशी ब्रशने झाडली तर खाचेतून निघालेली भुकटी खरंच पाव चमचा होती, धुतलेल्या चाळणीतून! उन्हात ठेवलीय. डोंबिवलीत आमच्या खिडकीत ऊन सकाळी नऊ ते साडेदहा, त्यामुळे दोन दिवसांचे चार होणार.

काढा उत्तम झाला. बरणीतली भुकटी, अय्यर काकूंचा फिल्टर. अय्यर काकूंनी पण घेतली, आणि चिकोरी नाही म्हणून नाक मुरडलं, पण कप संपवला. आईंनी अर्धा कप घेतला. साखर दोन चमचे.

मग मी आईंना तुमची उत्तरं वाचून दाखवली. एवढंच चुकलं. खसखशीचं ऐकून त्यांचे कान टवकारले. काल संध्याकाळी अनारशांसाठी (कुणी सांगितलं एवढ्यात? पण "तुझ्या भावाला पाठवू") खसखस निवडून, धुऊन, निथळत ठेवली होती. कशात, ते सांगायला नको. "ही जाळी बरी आहे गं तुझी, एक दाणा गेला नाही," म्हणाल्या.

आज सकाळी सात वाजता माझी चाळणी ओलीच होती आणि कडेच्या खाचेत खसखशीचे पाच-सहा दाणे. न चाळताच केली.

चिखल होता.