रेस्क्यू बोलवावा लागला, आता खर्चाचं काय करायचं?

वाटचुकार_कल्याण:
नमस्कार मंडळी, जरा लाजतच लिहितोय. ऑगस्टमधे आम्ही चौघं हरिश्चंद्रगडाला गेलो होतो, खिरेश्वरवरून. निघायलाच उशीर, खिरेश्वर सोडलं तेव्हा साडेअकरा वाजलेले आणि प्लॅन काय तर संध्याकाळपर्यंत खाली. टोलार खिंड, मग रेलिंगचा कातळ, इथपर्यंत सगळं मस्त, फोटोबिटो काढले. वर पठारावर आलो आणि असं धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसेना. त्या एकसारख्या टेकड्यांमधे दोन तास फिरून परत त्याच दगडापाशी आलो, आणि त्यात एकाचा पाय मुरगळला म्हणजे चांगलाच सुजला. चौघांत टॉर्च एक, तीपण मोबाईलची. आठच्या सुमारास एका उंचवट्यावर रेंजची एक काडी मिळाली तेव्हा ११२ ला फोन लागला. मग गावातली पोरं आली, मागून रेस्क्यू टीम आली, मित्राला स्ट्रेचरवरून खाली आणेपर्यंत पहाटेचे चार वाजले.

आता प्रश्न असा की त्यांनी एक रुपया घेतला नाही. चहा पण त्यांनीच पाजला आम्हाला! घरचे म्हणतात विषय संपला. मला तसं वाटत नाहीये. पैसे द्यावेत का, किती, कोणाला? आणि खरं सांगा, अशा लोकांकडून सरकारने दंड घ्यायला पाहिजे का? (अशा लोकांत मी पण आलो हे माहितीये.)

कातळकडा:
दंडच पाहिजे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी उठायचं, रील बघून गडावर जायचं आणि अडकलं की दुसऱ्यांनी जीव धोक्यात घालायचा. साडेअकराला खिरेश्वर सोडून त्याच दिवशी खाली यायचं हे गणित कोणी केलं होतं? पाचनईची वाट सोपी आहे, तिथून तरी जायचं. १० हजार प्रत्येकी लावा, बघा गर्दी कशी कमी होते.

दोरवाला:
मी गेली काही वर्षं एका टीमबरोबर रेस्क्यूला जातो, आम्ही सगळे नोकऱ्या-धंदे करून हे करतो, पगार वगैरे काही नसतो. कातळकडा यांचा राग समजतो, रात्री दोनला भिजत स्ट्रेचर उचलताना मला पण तो येतो. पण दंडाला माझा विरोध आहे आणि कारण एकदम साधं आहे. माणसं फोन उशिरा करतात. आत्ताच करतात. पाच वाजता वाट हरवल्याचं कळलेलं असतं पण लाज वाटते, घरी कळेल, पोलीस विचारतील, बघू अजून अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचे तीन तास होतात, अंधार पडतो, अंगावरचे कपडे ओले, वारा सुटलेला, थंडीने माणूस बडबडायला लागतो. त्यात १० हजाराची भीती घाला, मग पाचचा फोन दहाला येईल, किंवा येणारच नाही.

वाटचुकार, तुमची चूक उशिरा निघण्यात होती पण तुम्ही एक गोष्ट बरोबर केलीत, फोन लागल्यावर एका जागी बसून राहिलात असं दिसतंय. बरेच जण पाण्याच्या धारेने खाली उतरायला जातात, ओढा कुठेतरी गावात जाणारच असं वाटतं. सह्याद्रीत ओढा बऱ्याचदा कड्यावर जाऊन संपतो हो! मग आम्हाला दोर लावून उतरावं लागतं, दोन तासाचं काम दोन दिवसाचं होतं. अजून एक, रेंज नसली तरी मोबाईलचं जीपीएस चालतं, त्यातले जागेचे आकडे (अक्षांश-रेखांश) मेसेजने पाठवा, कॉल लागत नाही तिथे कधीकधी मेसेज जातो. आणि एकच फोन चालू ठेवा, बाकीचे बंद. स्ट्रेचरचं म्हणाल तर ओल्या उतारावर एका वेळी सहा-आठ जण लागतात आणि तेवढेच बदलीला, म्हणून चार वाजले, कोणी रेंगाळत नव्हतं.

न्यूइंग्लंडकर:
इकडचं सांगतो, मी बोस्टनला असतो, ट्रेकला शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधे जातो. तिथे निष्काळजीपणाने अडकलात तर राज्य रेस्क्यूचं बिल पाठवू शकतं. म्हणून एक कार्ड काढता येतं, वर्षाला माणशी २५ डॉलर, कुटुंबाला ३५, ते असलं की नुसत्या निष्काळजीपणाचं बिल येत नाही, पण मुद्दाम बेफिकिरी केली असेल तर कार्ड वाचवत नाही. पैसे रेस्क्यूच्या फंडात जातात. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या रेस्क्यूवाल्यांची मोठी संघटना बिल लावायच्या विरोधातच आहे, कारण दोरवाला दादांनी सांगितलं तेच, लोक फोन लांबवतात. मला स्वतःला कार्डाची कल्पना आवडते, आधीच थोडे द्या, नंतर भीती नको. आपल्याकडे चालेल का माहीत नाही, आपण एन्ट्री फीचे पैसे द्यायला पण वाद घालतो.

कातळकडा:
कार्ड चालेल मला. दंडाचं थोडं मागे घेतो. थोडंच.

खिरेश्वरचा_पोर:
मी त्याच भागातला. टीमबद्दल सगळे बोलतात पण टीम शहरातून पोचेपर्यंत तीन-चार तास जातात, तोवर गावातलेच वर जातात. आमच्या बाबांना असे फोन कितीवेळा आलेत. ऑगस्टमधे आमच्याकडे शेवटशेवटची भाताची आवणी (लावणी) चालू असते, दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून काम आणि रात्री बॅटरी घेऊन पठारावर, दुसऱ्या दिवशी पाठ उचलत नाही, खाचर तसंच राहतं. नाही म्हणता येत नाही ना, वर कोणाचंतरी पोरगं बसलेलं असतं. स्ट्रेचर नसलं तर बांबूला चादर बांधून डोली करतात.

राग नाहीये. फक्त एवढंच की जाताना गावात कोणाला तरी सांगून जा, किती जण, कोणत्या वाटेने, कधी येणार. कोणीच सांगत नाही, गाडी लावतात आणि सरळ चालायला लागतात. दिवसाला थोडे पैसे देऊन गावातला वाटाड्या घेतला असता तर धुक्यात पण त्याने नेलं असतं, आम्ही डोळे मिटून जातो त्या वाटेने. आता पैशाचं तुम्ही विचारलंत म्हणून, जे वर आले त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीएवढं तरी द्या, हातात दिलेत तर घेणार नाहीत, घरी जाऊन द्या.

दोरवाला:
याला +१. आमच्या टीमला द्यायचेच असतील तर रोख नको, दोर आणि कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या कड्या) झिजतात, त्याला मदत करा. पण आधी गाव.

वाटचुकार_कल्याण:
सगळ्यांचे आभार, कातळकडांचे पण, शिव्या बसायलाच पाहिजे होत्या. खरं सांगू का, आईला मी लोणावळ्याला चाललोय असं सांगितलं होतं, म्हणजे काही झालं असतं तर शोधायला लोक भलतीकडेच गेले असते. हे रात्री त्या दगडावर बसल्यावर लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. पाय मुरगळलेला मित्र आता चालतोय. पुढच्या रविवारी चौघं खिरेश्वरला येतोय, गडावर नाही, फक्त गावात. त्या रात्री पाचजण आले होते, नावं दोघांचीच माहितीयेत. बाकीचे कसे शोधायचे?

खिरेश्वरचा_पोर:
मंदिरापाशी येऊन कोणालापण विचारा, सगळ्यांना माहितीये कोणकोण गेलं होतं. त्यात एक आमचे बाबा. येताना बॅटरीचे सेल आणा, त्यांचे त्याच रात्री संपले.